पोर्टर म्हणजे हमाल नव्हे

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंदूरजवळच्या पाताळपाणी-कालाकुंडच्या हेरिटेज गाडीवर लेख आला, तो माझ्या नातीने मला वाचून दाखवला. मोतीबिंदू काढूनही बारीक अक्षर लागत नाही, म्हणून हल्ली वर्तमानपत्र मी कानांनीच वाचतो. लेखाबद्दल तक्रार नाही. धबधबा आलाय, बोगदे आलेत, पळसाच्या पानावरचा कलाकंदही आलाय. फोटो मात्र मी भिंग लावून स्वतः पाहिला. जुना, काळा-पांढरा. फलाटाच्या टोकाला एक माणूस उभा आहे, हातात बत्ती आहे आणि खाली आपण छापलंय, 'कंदील घेतलेला स्टेशनावरचा हमाल'. माणूस माझ्या ओळखीचा नाही, फोटो माझ्या नोकरीच्या आधीचा दिसतो. पण तो हमाल नाही आणि हातातला कंदील नाही, एवढं मी शपथेवर सांगतो.

मी पोर्टर होतो, म्हणजे स्टेशनावर सिग्नल-बत्तीचं काम करणारा रेल्वेचा पगारी नोकर. १९६३ साली लागलो आणि २००३ साली निवृत्त झालो, तोवर माझ्या पदाला पॉइंट्समन म्हणायला लागले होते. मधली चाळीस वर्षं महू आणि खंडव्याच्या मधल्या लहान-मोठ्या स्टेशनांवर गेली. लाल कुडता घालून, दंडाला पितळी बिल्ला बांधून, प्रवाशाकडून मजुरी घेऊन सामान उचलतो तो हमाल. त्याला रेल्वे परवाना देते, पगार देत नाही. इंग्रजीत त्यालाही पोर्टरच म्हणतात, सगळा घोटाळा तिथून झालाय. २०१६ च्या रेल्वे बजेटात सुरेश प्रभूंनी त्याला 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं, तरी इंदूर स्टेशनावर लोक 'ओ कुली' असंच ओरडतात. त्याच्या कामाला मी हलकं म्हणत नाही, मानेवर दोन ट्रंका घेऊन जिना चढून बघावा. पण ते काम वेगळं आणि आमचं वेगळं. आणि मुळात खेड्याच्या स्टेशनावर हमाल असेल कशाला? तिथे उतरणार कोण, तर दुधाच्या रिकाम्या केन घेतलेले चार गवळी, मोळ्या विकून परतणाऱ्या बाया, फार तर नर्मदेच्या परिक्रमेला निघालेला एखादा बुवा. त्यांचं सामान त्यांच्याच डोक्यावर.

एवढ्या एका शब्दावर हा म्हातारा का भडकला, असं आपल्याला वाटेल. तर सांगतो. माझं पहिलं स्थळ या शब्दावर मोडलं. मुलीचे वडील मल्हारगंजातले, चांगली माणसं. रेल्वेत आहे म्हटल्यावर खूश झाले, चहा-पोहे झाले. मग विचारलं, रेल्वेत काय? मी म्हटलं, पोर्टर. 'म्हणजे हमाली?' आणि बशी खाली ठेवली. दुसरं स्थळ आलं ते खंडव्याकडच्या एका गँगमेटच्या (रूळ सांभाळणाऱ्या टोळीच्या मुकादमाच्या) मुलीचं. त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त कुठलं स्टेशन आणि क्वार्टरला विहीर जवळ आहे का, एवढंच. लग्न झालं.

आमचं घराणं होळकरांच्या पागेतलं. आजोबांनी घोडे सांभाळले, वडील इंदूरच्या कापड मिलमध्ये लागले, मी आठवीत दोनदा बसलो. १९६३ च्या उन्हाळ्यात रेल्वेला तीन महिन्यांसाठी पाणीवाले हवे होते. गाडी थांबली की बादली आणि लांब दांड्याचं ओगराळं घेऊन खिडकी-खिडकीशी धावायचं. लोक पानीपांडे म्हणायचे. मी पांडेही नाही आणि ब्राह्मणही नाही, पण तहान लागली की तेवढ्यापुरती जात कुणी विचारत नसे. (काही विचारायचेही. तो वेगळा विषय.) तीन महिने संपले, आणि एका स्टेशनावरचा पोर्टर आजारी पडला म्हणून मला सब्स्टिट्यूट धरलं. पुढे डॉक्टरी झाली. त्यात सगळ्यात कडक परीक्षा डोळ्यांची. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरायचे आणि त्यातला आकडा ओळखायला सांगायचे. लाल-हिरव्यात गफलत करणारा माणूस रेल्वेला चालत नाही. हमालाची अशी परीक्षा कुणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

पगार ७० रुपये मूळ, शिवाय महागाई. दुसऱ्या वेतन आयोगाची ती सगळ्यात खालची श्रेणी, ७० ते ८५. वर्षाला वाढ एक रुपया. हा रुपया लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता काम. लेखात ओझरतं आलंय की 'रात्री सिग्नलवर दिवे लावले जात'. कर्मणी प्रयोगात दिवे आपोआप लागतात. आमच्या वेळी ते शिडी चढून लावावे लागायचे.

दुपारी तीनच्या सुमारास मी लॅम्प-रूममध्ये बसायचो. पत्र्याची ठेंगणी खोली, आत रॉकेलचा वास इतका मुरलेला की बायको जेवताना म्हणायची, हात धुतलेत की नुसते पुसलेत. दोन्ही बाजूंचे आउटर (येणाऱ्या गाडीला लागणारा पहिला, लांबचा सिग्नल), दोन्ही होम (स्टेशनाच्या तोंडचा) आणि रूळ बदलतात त्या सांध्यांवरच्या बत्त्या धरून आठ-दहा नग असायचे. प्रत्येकाची टाकी भरायची, वात कातरायची. वात कातरणं दिसतं तसं सोपं नाही. सरळ कातरली तर दोन्ही टोकांना ज्योतीला शिंगं फुटतात आणि भिंग काळं होतं. म्हणून सरळ कापून झाल्यावर दोन्ही कोपरे नखाएवढे उडवायचे. हे मला शिकवलं ते आमच्या मोठ्या पोर्टरने, सगळे त्यांना दाजी म्हणायचे. निमाडी माणूस, सही येत नव्हती, अंगठा लावायचे. ते म्हणायचे, वात कातरायची तर न्हाव्यासारखी, कसायासारखी नाही. भिंग चुलीच्या राखेने घासून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचं. धोतर जुनंच हवं, नव्याचे धागे सुटतात.

मग दोन बत्त्या या हातात, दोन त्या हातात, काडेपेटी डोक्यावरच्या टोपीत, आणि रुळाच्या कडेकडेने चालायचं. आउटर म्हणजे स्टेशनापासून अर्धा-पाऊण मैल. एका बाजूचा करून परत यायचं, मग दुसऱ्या बाजूचा. सूर्य बुडायच्या आत सगळ्या बत्त्या जागेवर चढून पेटलेल्या पाहिजेत, असा नियम. लोखंडी शिडी उन्हाळ्यात हात पोळवायची आणि पावसाळ्यात निसटायची. वर गेलं की बत्ती खोबणीत बसवायची आणि तिचं भिंग सिग्नलच्या लाल काचेच्या बरोबर मागे येतंय का ते बघायचं. सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची लांब पट्टी, आडवा तर लाल काच पुढे, हात खाली पडला की हिरवी. मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून पांढरा ठिपका स्टेशनाकडे दिसतो. सिग्नल आडवा असेपर्यंत तो दिसतो, पडला की झाकला जातो. मास्तर रात्री आपल्या खुर्चीतून तो ठिपका बघून ओळखतात की बत्ती जिवंत आहे आणि सिग्नल कसा आहे. फोटोतल्या माणसाच्या हातात तीच बत्ती आहे. भिंग दिसतं, वरची कडी दिसते. कंदील असा नसतो.

सकाळी पुन्हा तोच फेरा, सगळ्या उतरवून आणायच्या. रोज. दिवाळीलासुद्धा. माझ्या घरी आकाशकंदील लावायला बायको शेजारच्या पोराला बोलवायची, कारण मी त्या वेळी आउटरवर असायचो.

उन्हाळ्यात आणखी एक कटकट. सिग्नल ओढणारी तार लांबच लांब, उन्हाने ती वाढते आणि ढिली पडते. मास्तरांनी लिव्हर पुरता ओढला तरी हात अर्धाच खाली येतो. ड्रायव्हर अर्ध्या पडलेल्या हाताला मान देत नाही, उभा राहून शिट्या मारत बसतो. मग पोर्टरने भर दुपारी धावायचं आणि तार ताणायची.

दुसरं मोठं काम गोळ्याचं. एकेरी लाइन असली की एका तुकड्यात एकाच वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असे, त्याला नील्स बॉल टोकन म्हणायचे. आम्ही नीलचं मशीन म्हणायचो आणि त्यातून निघणाऱ्या लोखंडी चेंडूला गोळा. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी तिकडून कळ दाबून परवानगी दिल्याशिवाय इकडे गोळा सुटतच नाही. आणि एक सुटला की तो पुन्हा मशीनमध्ये पडेपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात, तरच गाडी पुढे. त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असत. मुठीत मावेल न मावेल असा तो गोळा म्हणजे पुढच्या आठ-दहा मैलांचा सातबारा होता म्हणा.

थांबणाऱ्या गाडीला तो हातात नेऊन देता यायचा. न थांबणारी गाडी असेल तर गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली असायची, आणि ते कडं उंच धरून फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. इंजिनातला फायरमन अर्धा बाहेर वाकून दंड पुढे करतो आणि कड्यात हात घालतो. तुमच्या बोटांतून कडं निघून जातं तेव्हा एक हिसका बसतो, तो खांद्यापर्यंत जातो. त्याच क्षणी तो आपलं जुनं कडं फेकतो, ते आपण झेलायचं किंवा कुठे पडलं ते नजरेत ठेवायचं. रात्री चिंध्यांचा बोळा रॉकेलात भिजवून मशाल करायची, म्हणजे त्याला कडं दिसेल. एका हातात मशाल, एका हातात कडं, अंगावर इंजिनाची वाफ आणि निखाऱ्याचे कण. माझ्या डाव्या मनगटावर अजून वण आहे. नात लहान होती तेव्हा त्याला चंद्रकोर म्हणायची.

फेकलेलं कडं नेहमी फलाटावरच पडत नसे. घाणेरीच्या जाळीत, नाल्यात, एकदा तर दूधवाल्याच्या टोपलीत. आणि एकदा आमच्या स्टेशनवरच्या कुत्र्याने चामड्याची पिशवी तोंडात धरली आणि गोळ्यासकट पळाला. हसू नका. तो गोळा मशीनमध्ये पडल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाइन देता येत नाही, आणि तिकडे दुसरी गाडी वाफ धरून उभी. मी, मास्तर, दाजी, गेटवाला आणि गेटवाल्याची दोन पोरं असे सहा जण कुत्र्याच्या मागे. शेवटी माझ्या बायकोने घरातून भाकरी आणून टाकली, तेव्हा त्याने पिशवी सोडली. पाऊण तास गाडी लेट. रजिस्टरात कारण लिहिलं, 'मशीन में खराबी'. कुत्रा असं कोण लिहिणार?

पावसाळ्यात घाटाच्या अंगाला ढग खाली उतरतात. दहा पावलांवरचा सिग्नल दिसत नाही, तर ड्रायव्हरला कसा दिसेल. मग फटाके घेऊन जायचं. हे दिवाळीचे नव्हेत. चपटी गोल डबी असते, तिला पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या रुळाच्या माथ्यावरून वळवून डबी घट्ट बांधायची. सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरवर एक, आणि त्यापासून दहा मीटरवर दुसरी. चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला. फटाके बांधून थोडं लांब छत्री घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बांधायचे. जळवा, विंचू, आणि चोरलच्या बाजूला बिबट्या. बिबट्या मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्यालाच माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

याशिवाय बारीक-सारीक. गाडी सुटल्याची घंटा द्यायची (घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा). तिकिटं गोळा करायची, ती जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं. मालाच्या डब्यांना सील लावायचं. सीताफळांच्या टोपल्या, पळसाच्या पानांचे गठ्ठे, सनावदकडे मिरचीची पोती, ते सगळं चढवायचं. मिरची चढवल्यावर डोळ्याला हात लावायचा नाही, हे एकदाच चुकतं. दिवसाच्या विक्रीची रोकड पिशवीत सीलबंद होऊन गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी तिजोरीत पडते, तेव्हा शेजारी उभं राहायचं. आणि प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. मागची लाल बत्ती दिसली तर गाडी पुरी गेली. नसली तर अर्धी गाडी मागे तुटून राहिली असेल, असं धरूनच चालायचं. पाताळपाणी-कालाकुंडचा चढ चाळीसाला एक आहे, चाळीस फूट गेलं की एक फूट वर. चढताना मागून दुसरं इंजिन ढकलायला लावायचे. अशा ठिकाणी चार डबे सुटून उलटे निघाले तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

मोठ्या गर्दीचा अनुभव ओंकारेश्वर रोडचा. शिवरात्री, सोमवती अमावस्या आली की मोरटक्क्याच्या त्या स्टेशनावरून परतणारी माणसं डब्याच्या टपावरही बसलेली. पुढे नर्मदेचा पूल. टपावरच्यांना उतरवायचं काम कुणाचं? पोर्टरचं. गावठी, निमाडी, मराठी, जी भाषा लागू पडेल ती वापरायची. 'बाई, नर्मदा मैया खालून बघितली तरी पावते' असं सांगून मी एका म्हातारीला उतरवलं होतं. ती उतरली, आणि उतरताना तिने मला चार आणे देऊ केले. हमाल समजून. मी घेतले नाहीत. आता वाटतं घ्यायला हवे होते, बिचारी किती वेळ हात पुढे करून उभी होती.

लेखात आणखी एक वाक्य आहे, 'खेड्यातल्या स्टेशनवर दिवसाला मोजक्या गाड्या, त्यामुळे कर्मचाऱ्यांना निवांतपणा असे'. हे वाक्य वाचताना नात थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. हेच रेल्वेच्या कायद्यातही लिहिलं होतं म्हणा. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी रेल्वे कामगारांच्या तासांबद्दल निवाडा दिला. पूर्वीच्या मानाने तो मोठाच दिलासा होता, कारण त्याआधीच्या, १९३० च्या कायद्यात तास याहून जास्त होते. त्यात सलग काम करणाऱ्याला आठवड्याला ५४ तास, आणि ज्याचं काम मधूनमधून असतं त्याला ७५ तास. लहान स्टेशनवरचे आम्ही मधूनमधूनवाले. म्हणजे बारा तासांची पाळी. ड्यूटीचा निम्मा वेळ माणूस रिकामा असतो असा हिशेब. एकदा एक इन्स्पेक्टर घड्याळ घेऊन आमच्या शेजारी बसले, आमचा रिकामा वेळ मोजायला. गाडी आली, गोळा दिला, गाडी गेली, घंटा दिली. मी बाकावर बसलो. त्यांनी लिहिलं, रिकामा. मी म्हटलं, साहेब, मी मालगाडीची शिट्टी ऐकतोय. ते म्हणाले, ऐकणं हे काम नाही. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने शिट्टी झाली, मी उठलो, आणि त्यांनी पेन्सिल उचलली. अख्खी रात्र जागं राहून कान लावून बसणं हा आराम असेल, तर आरामाची माझी मोठीच नोकरी झाली.

आता त्या रुपयाची गोष्ट. स्टेशनचं नाव लिहीत नाही, मास्तरांचंही नाही, ते वारले. श्रावणातली रात्र, पाऊस लागलेला. आउटरची बत्ती विझली. मागून मालगाडी आली. विझलेला सिग्नल म्हणजे लालच धरायचा हा नियम, तेव्हा ड्रायव्हर थांबला आणि शिट्टी ओढून बसला. मी काडेपेटी मेणकापडात गुंडाळून धावलो, वर चढलो, बत्ती उघडली. टाकी कोरडी. संध्याकाळी मी भरली होती, पण अर्धीच, कारण डब्यात तेवढंच तेल होतं. रॉकेल महिन्याच्या हिशेबाने यायचं आणि महिना संपायच्या आत संपायचं. कुठे जायचं, ते आख्ख्या स्टेशनाला ठाऊक होतं. एका क्वार्टरमध्ये दोन स्टोव्ह होते आणि तिथे सरपण कधी विकत आणलेलं दिसलं नाही. पण मेमो आला तो पोर्टरच्या नावाने. 'बत्तीची निगा राखण्यात हयगय.' खुलासा मागवला. दाजी म्हणाले, तेलाचं लिहू नकोस, तू सब्स्टिट्यूटमधून नुकताच पक्का झालायस. मी लिहिलं, पावसाने विझली. एक वर्षाची वेतनवाढ रोखली. एक रुपया महिना, वर्षाचे बारा.

बारा रुपयांचं दुःख नाही. पण 'हयगय' हा शब्द माझ्या सर्व्हिस-बुकात शेवटपर्यंत राहिला. आणि त्यानंतर मी एक केलं. बाटलीभर रॉकेल माझ्या रेशनच्या वाट्यातून काढून लॅम्प-रूमच्या छपराच्या वळचणीला लपवून ठेवायला लागलो. पुढची किती तरी वर्षं. बायको चुलीवर धुरात स्वयंपाक करायची आणि म्हणायची, रेल्वे सरकारचा आउटर आमच्या घरातल्या तेलावर जळतो.

१९७४ च्या रेल्वे संपाबद्दल थोडंच. आठ तासांची पाळी ही त्यातली एक मागणी, म्हणजे आमचीच. ८ मे ते २७ मे असा तो चालला. मी सहा दिवस घरी बसलो, मग हजर झालो, कारण घरात दोन पोरं आणि डब्यात पीठ नव्हतं. नोकरीत खंड पडला, १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर तो निघाला. आमच्या घरात त्यांचा फोटो नव्हता, पण नाव आदराने घेतलं जायचं.

बाकी लेखातली होळकरांची माहिती बरोबर आहे. १८७० साली तुकोजीरावांनी या लाइनसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. १८७४ ला खंडवा-सनावद सुरू झालं, १८७६ ला नर्मदेचा पूल, आणि १८७८ पर्यंत लाइन घाट चढून आली. कर्ज देणारे महाराज तुम्ही नावानिशी लिहिलेत, ते लिहायलाच हवेत. मग त्या पुलावर गाडी सोडताना रोज गोळा हातात ठेवणाऱ्याला निदान त्याच्या हुद्द्याने तरी लिहा.

२०२३ च्या फेब्रुवारीपासून महूच्या पुढची मीटर गेजची रोजची गाडीही बंद झाली. ब्रॉड गेज येईल, बोगदे मोठे होतील, सिग्नल विजेचे. चांगलं आहे. त्या शिड्या पुन्हा कुणी चढाव्यात असं मी म्हणणार नाही, माझ्या दाजींचा गुडघा त्यातच गेला. हेरिटेज गाडीत नातीने मला मागे एकदा नेलं होतं. माइकवर एक मुलगा माहिती सांगत होता, छान सांगत होता. कालाकुंडला सगळे कलाकंद घ्यायला उतरले. मी शेवटच्या डब्याच्या मागे जाऊन खूण लावलेली आहे ना ते बघून आलो. नात म्हणाली, आजोबा, इकडे कुठे? म्हटलं, पाय मोकळे करतोय.

तेव्हा विनंती एवढीच की फोटोखालची ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी. 'सिग्नलची बत्ती घेऊन निघालेला पोर्टर' इतकं पुरे. आणि एक गोष्ट मला त्या फोटोत राहून राहून खटकते. सावल्या खूप लांब पडल्यात. सकाळ असती तर उतरवून आणलेल्या चारही बत्त्या दोन हातांत असत्या. इथे एकच आहे आणि तिच्या भिंगात उजेड नाही, म्हणजे संध्याकाळ आहे आणि एक बत्ती अजून चढायची आहे. सूर्य तर टेकलाय. फोटो काढणाऱ्या साहेबाने त्याला बराच वेळ उभा करून ठेवलेला दिसतो. त्या आउटरची बत्ती त्या दिवशी नक्की उशिरा लागली असणार. मेमो कुणाला आला असेल, ते सांगायला नको.

आपला,
एक निवृत्त पोर्टर
राजेंद्र नगर, इंदूर